एक्सेलमध्ये शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आपोआप बदलतायत. डेटा, सीएसव्ही, क्लाउड हे मुळापासून कुणी समजावेल का?

तुर्भे_मार्केट

नमस्कार. मी वाशीच्या एपीएमसीत (बाजार समितीत) कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशोब बघते. बी.कॉम. झालंय, टॅली येतं, टायपिंगही चांगलं आहे. पण कॉम्प्युटर आतून कसा विचार करतो हे कुणी कधी शिकवलं नाही आणि आता नेमकं तिथेच अडलंय.

आमच्याकडे जुने मेहताजी होते तोवर सगळं वहीत असायचं. आवक, मार्का (गोणीवरची ओळखीची खूण), गोण्या, वजन, भाव, मग हमाली-तोलाई लावून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब. आता शेठ म्हणाले, पट्टीचे पैसे थेट खात्यावर टाकायचे, सगळ्या शेतकऱ्यांची यादी एक्सेलमध्ये कर. केली. नाव, गाव, मोबाइल, आधार, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड), खाते क्रमांक. ती सीएसव्ही करून बँकेच्या पोर्टलवर चढवावी लागते.

काही खाते क्रमांक '१.२३ई+१५' असे दिसतात. फॉरमॅट 'नंबर' केला की पूर्ण आकडा येतो, पण शेवटचा अंक शून्य. पासबुकच्या झेरॉक्सवर तिथे शून्य नाहीये. ज्या खात्यांच्या सुरुवातीला शून्य होतं त्यांचं ते शून्यच उडालं. मराठीत लिहिलेली गावं सीएसव्ही परत उघडली की भलत्याच रोमन अक्षरांत दिसतात, काहींच्या डोक्यावर तिरप्या रेघा. बँकेकडून काही पेमेंट परत आली. निफाडकडचे एक काका आहेत, ते रोज फोन करतात. आवाज चढवत नाहीत, फक्त विचारतात, "पोरी, झालं का गं?"

ज्याला विचारते तो नवीन शब्द देतो. एक म्हणतो क्लाउडवर टाक, दुसरा म्हणतो डेटाबेस बनव, शेठचा मुलगा म्हणतो एआयला विचार. मला आधी हे सगळं म्हणजे काय ते समजून घ्यायचंय. मराठीत, साध्या शब्दांत, कुणी सांगेल का?

घणसोलीकर

मॅडम, खाते क्रमांकाचा कॉलम सिलेक्ट करा, राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, त्यात 'टेक्स्ट' निवडा. मोबाइल आणि आधारलाही तेच करा. पुढे असं होणार नाही. मराठीसाठी सेव्ह ॲज करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा पर्याय दिसतो, तो घ्या.

ऐरोलीकर

घणसोलीकरांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण ते इथून पुढे भरायच्या आकड्यांसाठी. जे आकडे बिघडलेत ते कॉलम टेक्स्ट केल्याने परत येणार नाहीत. सोळावा अंक गेला तो गेलाच, तो फक्त पासबुकावर आहे. त्यामुळे ही फाइल आहे तशी पुन्हा पोर्टलवर चढवू नकोस. (वयाने मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते, चालेल ना?)

माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका बॅक ऑफिसात झाली, दिवसभर हेच काम. आता ऐरोलीत बचत गटाच्या बायकांना शनिवारी कॉम्प्युटर शिकवते. तिथे पहिल्या तासाला क्लाउड, एआय हे शब्दसुद्धा मी काढत नाही. फळ्यावर काही आकडे लिहिते आणि विचारते, यातल्या कशाची बेरीज केली तर तिला अर्थ आहे? एक गोणी ५२ किलो, दुसरी ४९, बेरीज १०१ किलो. अर्थ आहे. वाशीचा पिनकोड ४००७०३, ऐरोलीचा ४००७०८. यांची बेरीज करून कुणाला काय मिळणार? मोबाइल नंबर, आधार, खाते क्रमांक यांचंही तसंच. ज्याची बेरीज किंवा सरासरी आपण कधीच काढणार नाही, ते अंकांत लिहिलेलं असलं तरी ती संख्या नव्हे. ते नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेलं. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की तुझ्या निम्म्या अडचणी सुटतात, आणि डेटा म्हणजे काय हेही त्यातच येतं. डेटा म्हणजे नोंदी, पण प्रत्येक नोंद कोणत्या जातीची आहे हे ठरलेलं हवं: संख्या, मजकूर की तारीख.

एक्सेलला हे कुणी सांगितलं नाही तर ते स्वतः अंदाज बांधतं. सेलमध्ये नुसते अंक दिसले की ते संख्या समजतं. संख्येच्या सुरुवातीच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ते टाकून देतं. आणि शेवटचा अंक का जातो ते नीट समजून घे, कारण हे कुणी सांगत नाही. कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात लहान जागा म्हणजे एक बिट, त्यात ० किंवा १ एवढंच राहतं. आठ बिट मिळून एक बाइट. एक्सेल प्रत्येक संख्येला आठ बाइट म्हणजे ६४ बिट देतं, मग ती ५२ असो की सोळा अंकी. त्यातला एक बिट अधिक-उणे सांगायला जातो, अकरा बिट संख्या किती मोठी ते सांगायला. उरलेल्या जागेत पंधरा अंक खात्रीने बसतात. म्हणून एक्सेल पंधरा अंक ठेवतं आणि त्यापुढे शून्य लिहितं. स्वतः करून बघ: कोऱ्या शीटमध्ये १२३४५६७८१२३४५६७८ टाइप कर, एंटर दाब आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहा. शेवटी ८ च्या जागी ० दिसेल. १.२३ई+१५ हे मात्र नुसतं दाखवण्याचं रूप आहे, बारा किंवा जास्त अंक झाले की ते दिसतं. तुझ्या यादीतल्या बारा अंकी आधार क्रमांकांचं हेच झालं असेल, पण मूळ एक्सेल फाइलमध्ये ते आतून शाबूत आहेत. नुकसान सोळा अंकी आणि त्याहून मोठ्या खात्यांचं, आणि सुरुवातीला शून्य असलेल्यांचं. म्हणजे सगळी यादी पुन्हा भरायची गरज नाही, तेवढीच खाती पासबुक समोर ठेवून भर.

ओळखायची खूण सांगते. सेलची मांडणी कुणी मुद्दाम बदललेली नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. माझ्या वर्गातल्या बायका आता कुठलीही शीट उघडली की आधी कडा बघतात. खाते क्रमांक उजवीकडे दिसला तर धोका. आणि उलटंही बघ: वजनाच्या कॉलममध्ये कुणी '५२ किलो' असं लिहिलं असेल तर ते डावीकडे जाईल, आणि बेरीज करताना 'सम' ते मुकाट्याने सोडून देईल. चूक दाखवणार नाही, बेरीज कमी येईल. 'किलो' हा शब्द कॉलमच्या डोक्यावर लिहायचा, सेलमध्ये फक्त ५२. टेक्स्ट केलेल्या खाते क्रमांकाच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल, एक्सेल विचारतं की हे संख्येत बदलू का. तो त्रिकोण तसाच राहू दे.

तारखांची जात आणखी वेगळी. एक्सेल तारीख म्हणून आतमध्ये दिवसांचा क्रमांक ठेवतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून पुढे मोजत. कधी तारखेच्या जागी ४५२९२ दिसलं तर घाबरू नकोस, तो १ जानेवारी २०२४ आहे, फॉरमॅट बदलला की तारीख दिसेल. खरी भीती ०३/०४ ची. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर आपली ३ एप्रिल तिथे ४ मार्च होते, आणि पट्टी एक महिना मागे जाते. सेटिंग एकदा भारतीय करून घे.

हा त्रास तुझ्या एकटीचा नाही. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०२० मध्ये काही नावंच बदलली, कारण 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं टाइप केली की एक्सेल त्यांची तारीख करत होतं. तेव्हा काम येत नाही म्हणून असं होतंय, असं मनात आणू नकोस.

आता सीएसव्ही. तुझी ती फाइल नोटपॅडमध्ये उघड. डबल क्लिक नको, राइट क्लिक करून 'ओपन विथ', नोटपॅड. काय दिसेल? एका शेतकऱ्याची एक ओळ आणि दोन नोंदींच्या मध्ये स्वल्पविराम. बस. रंग नाही, फॉर्म्युला नाही आणि कुठला कॉलम टेक्स्ट आहे याची आठवणही नाही. म्हणून तू एक्सेलमध्ये सगळं नीट करून सीएसव्ही काढलीस आणि 'बघू बरोबर आलंय का' म्हणून डबल क्लिक केलंस, की एक्सेल नव्याने अंदाज बांधतं. त्यावर सेव्ह दाबलं की बिघडलेला आकडा फाइलमध्ये कायमचा बसतो. माझा कयास आहे की तुझ्याकडे बऱ्याच खात्यांचं असंच झालंय. तेव्हा मूळ यादी एक्सेल फाइल म्हणूनच ठेव, सीएसव्ही पोर्टलसाठी दर वेळी ताजी काढ आणि ती फक्त नोटपॅडमध्ये तपास. कुणाची सीएसव्ही आलीच तर एक्सेलच्या डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' ने घे, आणि तिथे 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवड.

आणि मराठी. कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, क्रमांक कळतात. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. 'कांदा' लिहिलं की आत पाच तुकडे जातात: क, काना, अनुस्वार, द, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एका कांद्याला पंधरा बाइट. उघडणाऱ्या प्रोग्रामला हे माहीत नसेल तर तो त्या पंधरा बाइट एकेक करून युरोपीय अक्षरं म्हणून वाचतो. तुला दिसलेल्या तिरप्या रेघा त्याच. मजकूर खराब झालेला नसतो, चुकीच्या पद्धतीने वाचलेला असतो. पण तशा अवस्थेत सेव्ह मात्र करू नकोस.

तुर्भे_मार्केट

ताई, 'तू'च म्हणा. नोटपॅडमध्ये उघडून बघितलं, अगदी तसंच आहे. ज्यांची पेमेंट परत आली त्यांची खाती सोळा अंकी तरी आहेत किंवा शून्याने सुरू होणारी. आज पासबुकांच्या झेरॉक्स काढून बसले.

अजून एक अडचण. आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच गावाचे दोन-दोन शेतकरी आहेत. आणि गाव कुठे 'पिंपळगाव', कुठे 'पिंपळगाव ब.', कुठे 'पिंपळगाव बसवंत'. यासाठी डेटाबेस लागतो का? आणि क्लाउडवर टाकलं तर फाइल सुरक्षित राहील का? गाळ्यावरचा कॉम्प्युटर जुना आहे, पावसात लाइट जाते.

ऐरोलीकर

गोणीवर मार्का असतो तसा प्रत्येक शेतकऱ्याला एक क्रमांक दे, शे००१, शे००२. सुरुवातीला अक्षर ठेवलंस की एक्सेल त्याला संख्या समजणारच नाही. क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही, आणि तो शेतकरी माल पाठवायचा थांबला तरी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. मग दोन शीट कर. एकीत शेतकरी: क्रमांक, नाव, गाव, मोबाइल, खातं. दुसरीत पट्ट्या: तारीख, शेतकऱ्याचा क्रमांक, गोण्या, वजन, भाव. पट्टीत नाव-गाव पुन्हा पुन्हा टाइप करायचंच नाही, क्रमांकावरून 'व्हीलुकअप' या फॉर्म्युलाने आणायचं. गाव एकाच जागी लिहिलं गेलं की पिंपळगावचे तीन प्रकार होणार नाहीत. खातं बदललं तरी एकाच जागी बदलावं लागेल.

डेटाबेसच्या पोटातला मुख्य विचार हाच आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे क्रमांकाने बोट दाखवायचं. वेगळं सॉफ्टवेअर तेव्हा लागतं जेव्हा बरेच जण एकाच वेळी भरतात किंवा नोंदी फार होतात. तुमच्या एका गाळ्याला आत्ता गरज नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. फक्त फाइल जुन्या 'एक्सएलएस' प्रकारात ठेवू नका, त्यात ६५,५३६ ओळीच बसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण गळाले, ते या जुन्या प्रकारच्या मर्यादेमुळे. कितीतरी लोकांच्या संपर्कात आलेल्यांपर्यंत निरोप उशिरा गेला. शीटमधली एक ओळ म्हणजे कुठेतरी एक माणूस असतो, म्हणून मी या गोष्टींबद्दल इतकी आग्रही आहे.

क्लाउडचं रबाळ्याचे आमचे मित्र जास्त चांगलं सांगतील.

रबाळे_नाइट_शिफ्ट

सांगतो. ताई, तुम्ही ठाणे-बेलापूर रोडने ऐरोलीकडून तुर्भ्याला येत असाल तर रबाळे, महापेच्या एमआयडीसीत खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात, बाजूला ओळीने जनरेटर. त्यातल्या बऱ्याच डेटा सेंटर आहेत. मी अशाच एका ठिकाणी रात्रपाळीला असतो. क्लाउड म्हणजे आभाळात काही नाही, अशा इमारतींमधले भाड्याने दिलेले कॉम्प्युटर. सर्व्हर म्हणजे असाच एक कॉम्प्युटर, स्क्रीन-कीबोर्ड नसलेला, कपाटात आडवा बसवलेला, चोवीस तास चालू आणि दुसऱ्या कॉम्प्युटरांनी मागितलेलं देत राहणारा.

आमच्या हॉलमध्ये कपाटांच्या दोन रांगांमध्ये एक गल्ली थंड, पुढची गरम. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो, मागून गरम फेकतो. गरम गल्लीत थोडा वेळ उभं राहिलं की घाम फुटतो, थंड गल्लीत मी बारा महिने स्वेटर घालतो. बाहेरची लाइट गेली तर आधी बॅटऱ्या भार घेतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होतात. हे सगळं इथे का, तर समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि एमआयडीसीत जागा आणि वीज मिळते. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू केला, गुगलने २०१७ मध्ये. पण तुमची गुगल शीट इथेच कुठेतरी असेल असं मात्र समजू नका, ती कंपनी कुठल्याही देशातल्या केंद्रात ठेवू शकते.

सुरक्षित राहील का, याची दोन वेगळी उत्तरं आहेत. गाळ्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला, भिजला, चोरीला गेला, तरी फाइल राहील. क्लाउडमध्ये एकाच फाइलच्या वेगवेगळ्या डिस्कवर प्रती असतात. आमच्याकडे डिस्क जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, खराब काढतो, नवी घालतो, ग्राहकाला कळतही नाही. पण कुणी चुकून शेतकऱ्यांच्या ओळी डिलीट केल्या तर त्या सगळ्या प्रतींमधून त्याच क्षणी जातात. मशीनच्या दृष्टीने तो तुमचा हुकूम असतो. याला सिंक म्हणतात, म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. बॅकअप म्हणजे कालची प्रत, जिला आजची चूक लागत नाही. लोक या दोन्हींत गल्लत करतात आणि मग रडत फोन येतात, ते ऐकवत नाहीत.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. गुगल शीट वापरलीत तर फाइल मेनूतली 'व्हर्जन हिस्टरी' आजच उघडून बघून ठेवा, तिथून आधीची अवस्था परत आणता येते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये गेलेली फाइल ३० दिवस राहते. त्याशिवाय दर आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा, नावात तारीख टाका आणि तो ड्राइव्ह गाळ्यावर न ठेवता शेठच्या घरी ठेवा. आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर आम्ही कामात कधीच भरवसा ठेवत नाही.

ऐरोलीकर

यात माझी एक भर. तुझ्या यादीत आधारचा कॉलम आहे. पैसे पाठवायला खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव पुरतं. मग आधार कशाला जमवलंय? काढून टाक. व्हॉट्सॲप ग्रुपवर पासबुक-आधारचे फोटो येत असतील तर शेठना सांगून तेही बंद कर. कधी लागलंच तर मास्क्ड आधार माग, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. वैयक्तिक डेटाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे, आणि लोकांची माहिती कामापुरतीच घ्यावी हा त्यातला गाभा आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्या माणसाने आपल्यावर विश्वासाने कागद दिलाय.

शेठच्या मुलाला सांग, एआयला जरूर विचारू, पण खरी यादी तिथे चिकटवायची नाही. खोटी नावं, खोटे क्रमांक घालून चार ओळी कर आणि 'अशा शीटमध्ये व्हीलुकअप कसं लिहू' हे विचार. उत्तर तेच मिळतं.

तुर्भे_मार्केट

आधारचा कॉलम काढला. शेठ आधी कुरकुरले, मग म्हणाले ठीक आहे. शेवटचं एक विचारते: नवीन खाती भरल्यावर ती बरोबर आहेत हे बँकेत जायच्या आधी कळायला काही मार्ग आहे का?

ऐरोलीकर

आहे. आयएफएससी नेहमी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. लोक पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' लिहितात, डोळ्याला फरक दिसत नाही. बाजूच्या कॉलममध्ये 'लेन' फॉर्म्युलाने लांबी मोज, अकरा नसेल तिथे थांब. 'मिड' फॉर्म्युलाने पाचवं अक्षर काढून ते शून्य आहे का बघ. खाते क्रमांकाचीही लांबी काढ. एका बँकेची खाती साधारण एकाच लांबीची असतात, त्यात एखादं एक अंकाने कमी दिसलं की समज, शून्य उडालंय.

मग शेतकऱ्याला फोन कर. तू क्रमांक वाचून दाखवू नकोस, त्यांना पासबुक हातात घेऊन शेवटचे चार अंक वाचायला सांग आणि तू शीटमध्ये बघ. आपण वाचलं की समोरचा 'हो हो' म्हणतो. एवढं जुळलं तरी पहिल्यांदा एकच रुपया पाठव. तो पोचल्याचं त्यांनी सांगितलं की त्या ओळीपुढे तारीख लिही आणि मगच पट्टीची रक्कम सोड.